भुरक्याची कुई आणि टेकडीवरची दोन मंडळं

एका जंगलात, मुलांनो, कोल्ह्यांची एक सुधारलेली वस्ती होती. ऐसपैस बिळं होती, ओढ्यात खेकडे होते, ओढ्यापलीकडे उसाचं रान होतं. कशाची म्हणून कमी नव्हती. फक्त तिथल्या आईबापांना वेळ नव्हता.

तुम्ही म्हणाल, कोल्ह्याला कसलं आलंय काम? ना ऑफिस, ना हप्ते, ना कुणाच्या लग्नाला जायचं. बरोबर आहे तुमचं. पण असले प्रश्न गोष्ट सांगणाऱ्याला विचारायचे, घरात विचारायचे नाहीत. आणि हो, तुमच्या आईबाबांनाही गोष्ट ऐकायला बोलवा. ते फोनवर असतील तर राहू द्या. त्यांच्यावाचून गोष्ट अडत नाही.

तर या कोल्ह्यांचा एक जुना रिवाज होता. प्रत्येक घराण्याची कुई वेगळी असायची. कुणाची शेवटाला वर चढायची, कुणाची मधेच तुटायची, कुणाची नुसती लांबत जायची. तिन्हीसांजेला रानातून कुई आली की कोल्हा कान टवकारायचा. आपल्या घरची असली तर लगेच ओ द्यायचा. दुसऱ्याची असली तर गप्प बसायचा. त्यामुळे पिल्लू कितीही लांब भरकटलं तरी त्याने मान वर करून एक कुई दिली की त्याचा बाप धावत यायचा. दुसऱ्याचा बाप यायचा नाही, कारण त्याचं ते काम नव्हतं.

पण ही कुई पोटातून येत नाही. ती शिकवावी लागते. बापाने किंवा आईने पिल्लाशेजारी बसायचं, मान वर करायची, एकदा म्हणून दाखवायची, मग पिल्लाची वाकडीतिकडी ऐकायची, मग पुन्हा म्हणायची. फार कंटाळवाणं काम आहे ते. आणि हिवाळा लागायच्या आत शिकवावी लागते. थंडी पडली की पिल्लाचा गळा घट्ट होतो, मग नवी कुई त्यात बसत नाही.

या वस्तीत हुंकारराव नावाचा कोल्हा होता. त्याची बायको झिपरीबाई. त्यांना एकच पोर होतं, त्याचं नाव भुरक्या. पावसाळा सरत आला होता आणि भुरक्याला अजून कुई येत नव्हती.

"बाबा, आज शिकवाल?" भुरक्या विचारायचा.

"आज सभा आहे रे," हुंकारराव म्हणायचे.

"कसली?"

"हल्ली पोरांकडे कोणी लक्ष देत नाही, त्याची."

मग भुरक्या आईकडे वळायचा. पण तिलाही सभा असायची. दोघं तिन्हीसांजेला टेकडीवर जायचे. भुरक्या बिळाच्या तोंडाशी बसून राहायचा. टेकडीवरून सगळ्या वस्तीच्या गळ्यांची कुई एकदम यायची. त्यातली आपल्या बाबांची कोणती, हे ओळखायचा तो फार प्रयत्न करायचा. ते त्याला कधी जमलं नाही.

पोर एकटं बसलं की रडतं, आणि रडलं की शेजारी ऐकतात. म्हणून झिपरीबाईंनी त्याला एक काचपाटी आणून दिली. नदीपलीकडच्या शहरातून वानरं अशा पाट्या आणायची. पाटीत उजेड असतो आणि उजेडात खेळ असतो, हे तुम्हाला मी काय समजावणार. तुमच्यातल्या निम्म्यांच्या मांडीवर आत्ताही ती आहे आणि तुम्ही गोष्ट ऐकल्यासारखं करताय.

दुकान बंकू वानराचं होतं. त्याने झिपरीबाईंना स्पष्ट सांगितलं, "वहिनी, यात फाडफाड नावाचा खेळ आहे. यावर सुळ्याचं चित्र आहे, बघा. म्हणजे सुळे आलेल्यांनीच खेळायचा. यात पोटं फाडतात, आतडी बाहेर काढतात. लहानांचा नाही हा."

"आमचा भुरक्या वयाच्या मानाने हुशार आहे," झिपरीबाई म्हणाल्या.

आजवर एकाही आईला आपलं पोर वयाच्या मानाने कमी हुशार वाटलेलं नाही. त्यामुळे बंकूचं दुकान छान चालायचं.

भुरक्याने पाटी घेतली आणि तो गप्प झाला. इतका गप्प, की घरात पोर आहे हे विसरायला झालं. हुंकारराव बायकोला म्हणाले, "गुणी झाला हो आपला." आणि दोघं समाधानाने सभेला गेले.

पुढे काय झालं ते तुम्हाला कळलंच असेल. एके दिवशी भुरक्याने शेजारच्या पिल्लावर झेप टाकली, "फाड फाड" असं ओरडला आणि त्याच्या कानाचा लचका तोडला. वस्तीत हाहाकार उडाला. आता खरं सांगायचं तर कोल्ह्याच्या पोराने कोल्ह्याच्या पोराचा कान चावणं ही काही जंगलातली पहिली वेळ नव्हती. खुद्द हुंकाररावांचा डावा कान लहानपणीच फाटलेला होता. पण तो खेळ न खेळता फाटला होता, म्हणून त्याची गणना चांगल्या संस्कारांत होत असे.

त्या संध्याकाळी टेकडीवर मोठी सभा भरली. हुंकारराव दगडावर चढले. त्यांच्या मिशांना खेकड्याचं रक्त लागलेलं होतं.

"ही हिंसा आपल्या पोरांत आली कुठून?" ते म्हणाले. "आमच्या वेळी असलं काही नव्हतं. सरकार झोपा काढतंय का? याला कायदाच पाहिजे."

निम्म्या कोल्ह्यांनी माना हलवल्या. त्यांचं झालं 'कायदा पाहिजे मंडळ'. हुंकारराव अध्यक्ष झाले.

तेवढ्यात झिपरीबाई दुसऱ्या दगडावर चढल्या. "सरकारने आमच्या बिळात नाक खुपसायचं काही एक कारण नाही," त्या म्हणाल्या. "पोरं आमची आहेत. त्यांनी काय खेळायचं ते आम्ही बघू. आईबाप मेलेत का?"

उरलेल्या निम्म्यांनी माना हलवल्या. त्यांचं झालं 'पोरं आमची मंडळ'. झिपरीबाई अध्यक्ष झाल्या. टेकडीच्या उगवतीच्या बाजूला एक मंडळ बसू लागलं आणि मावळतीच्या बाजूला दुसरं. तिन्हीसांजा झाल्या की पोरांची जबाबदारी आईबापांचीच, हे पटवून द्यायला झिपरीबाई घराबाहेर पडायच्या. कधीकधी भुरक्या पायात घोटाळायचा. "सोड रे," त्या म्हणायच्या, "तुझ्यासाठीच चाललेय."

कायदा पाहिजे मंडळ राजाकडे गेलं. राजा वाघ होता. महाराजांनी स्वतःचे बछडे कधी पाहिले नव्हते. वाघांत बापाने बछडे बघायची पद्धत नसते. त्यामुळे बालसंगोपनावर निर्णय द्यायला महाराज अगदी निःपक्षपाती होते.

"कायदा पाहिजे?" महाराज जांभई देत म्हणाले. "घ्या. कायद्याला काय लागतं?"

आणि कायदा झाला. पाटी घ्यायला आलेल्याचा ओठ वर करून बंकूने सुळे तपासायचे. सुळे नसतील तर पाटी द्यायची नाही.

बंकू कायदा पाळणारा वानर होता. त्याने पिल्लांचे ओठ वर केले आणि एकेकाला परत पाठवलं. पिल्लं घरी जाऊन रडली. सगळी एकदम रडली. दुसऱ्या दिवशी दुकानासमोर रांग लागली ती आईबापांची, आणि पहिला नंबर हुंकाररावांचा. त्यांनी मोठ्या तोऱ्यात जबडा उघडला. सुळे चांगले पिवळेधमक होते.

"अध्यक्ष," बंकू म्हणाला, "हा कायदा तुम्हीच मागितला होता ना?"

"कायदा पोरांसाठी आहे. मी पोर आहे का?" हुंकारराव म्हणाले. "आणि जरा नवीन फाडफाड दे. जुन्यात त्याला आता मजा येत नाही."

मागे झिपरीबाईंच्या मंडळातलेही बरेच जण उभे होते. तत्त्वाने ते कायद्याच्या विरुद्ध होते, पण सुळे त्यांनाही होते.

पुढच्या सभेत हुंकारराव म्हणाले, कायद्यात पळवाट आहे. हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? मग महाराजांनी दुसरा कायदा केला. आता मोठ्या माणसाचा, म्हणजे मोठ्या कोल्ह्याचा पंजा टेकवल्याशिवाय पाटी उघडणारच नाही, आणि थोड्या वेळाने पुन्हा पंजा मागेल.

हा कायदा ऐकून सगळ्या जंगलात एकटा भुरक्या खूश झाला. त्याला वाटलं, आता बाबांना आपल्या जवळ बसावंच लागेल. तो पाटी घेऊन हुंकाररावांच्या पोटाशी जाऊन बसला.

"बाबा, पंजा."

हुंकाररावांनी न बघता पंजा टेकवला.

"बाबा, आता तुम्हाला पुन्हा पंजा द्यायचाच आहे. तोवर एकदा कुई म्हणता? मी चुकणार नाही."

"डोकं खाऊ नको रे. भाषणाचं बघतोय मी."

तीन-चारदा पंजा टेकवून हुंकारराव वैतागले. त्यांनी पळसाच्या झाडाखालची लाख आणली, ती मऊ केली, तिच्यात आपला पंजा दाबला आणि तो ठसा वाळवून भुरक्याच्या हातात दिला. पाटीला काय, खरा पंजा आणि लाखेचा पंजा सारखाच. ही युक्ती आठवड्याभरात घरोघर झाली. प्रत्येक बिळात खुंटीला एक बाप लटकू लागला.

भुरक्या तो पंजा झोपताना अंगावर घ्यायचा. मला इथे वाईट वाटतं ते सांगून टाकतो. विडंबन लिहिणाऱ्याने वाईट वाटून घेऊ नये म्हणतात, पण पोर लाखेच्या पंजाखाली झोपलेलं असताना मला विनोद सुचत नाही. पुढे जाऊ या.

तिसऱ्या कायद्याच्या वेळी हुंकारराव फारच पेटले होते. ते महाराजांना म्हणाले, "दोष आईबापांचा आहे. काही काही आईबाप इतके बेजबाबदार असतात, की मला बोलवत नाही. त्यांना शिक्षा पाहिजे. दिवस मावळल्यावर ज्याचं पोर एकटं सापडेल त्याचं शेपूट कापा. आई असो की बाप."

बोलताना त्यांच्या डोळ्यांपुढे शेजारचे कोल्हे होते. अशी कडक शिक्षा मागणाऱ्याच्या डोळ्यांपुढे नेहमी शेजारीच असतात.

महाराजांनी तेही दिलं. वर प्रत्येक बिळाला एक बालरक्षक दिला. आईबाप बघत नाहीत तर सरकार बघेल, असं महाराज म्हणाले आणि कूस बदलून झोपले.

भुरक्याच्या बिळाला साळबा नावाचं साळिंदर आलं. साळबा वयस्क होता, अंगाने जाड होता आणि नियमाला पक्का होता. दिवस उगवला की यायचा, दाराशी बसायचा, भुरक्याकडे टक लावून बघायचा. दिवस मावळला की काटे झटकून निघून जायचा.

पहिल्या दिवशी, दिवस मावळता मावळता टेकडीवर निघताना, झिपरीबाईंनी त्याला दाराशी हटकलं. "आमच्या पोराला बघणारे तुम्ही कोण?"

"मग तुम्ही बघता का, बाई?" साळबाने विचारलं. "तसं असेल तर मी जातो. मला गुडघेदुखी आहे."

झिपरीबाईंनी टेकडीकडे पाहिलं. टेकडीवर मंडळी वाट बघत होती. "तत्त्वाने माझा विरोध आहे, एवढं लक्षात ठेवा," असं म्हणून त्या गेल्या.

भुरक्याला मात्र साळबा आवडला. तो काही करायचा नाही, पण बसायचा. आणि बघायचा. भुरक्याकडे इतका वेळ आजवर कोणी बघितलं नव्हतं. एक दिवस भुरक्याने पाटी बाजूला ठेवली.

"आजोबा, तुम्हाला कुई येते?"

"मला खुळखुळ येते," साळबा म्हणाला आणि काटे हलवून दाखवले.

"मला कुई शिकायची आहे. थंडी पडायच्या आत."

"नियमात फक्त बघायचं लिहिलंय. शिकवायचं नाही लिहिलेलं."

"मग ते कोण करणार?"

साळबाला हा प्रश्न आवडला नाही, कारण त्याला उत्तर येत नव्हतं. त्याने तो वर महाराजांना विचारला. वर काय, विचारलं की उत्तर मिळतंच. महाराजांनी फर्मान काढलं, की आईबापांनी पोरांना कुई शिकवलेली नाही असं आढळून आलं आहे, सबब सर्व पिल्लांना एक सरकारी कुई शिकवण्यात यावी. घराणं पाहू नये. सगळ्यांना सारखी.

कायदा पाहिजे मंडळाने फटाके वाजवले. पोरं आमची मंडळाने निषेध केला. "घराण्याची कुई शिकवणं हा आमचा हक्क आहे," झिपरीबाई गरजल्या. त्या इतक्या पोटतिडिकेने बोलल्या, की महाराजांनी लगेच मान्य केलं. ज्याला आपली कुई शिकवायची असेल त्याने खुशाल शिकवावी.

हक्क मिळाल्याचा आनंद मंडळाने कितीतरी दिवस साजरा केला. त्या गडबडीत कुई कोणी शिकवली नाही.

साळबाने शिकवली. त्याचा आवाज घोगरा होता, सरकारी कुई सपाट होती, तिला चढ नव्हता की उतार नव्हता. तरी भुरक्या जीव तोडून शिकला. पाटीकडे तो आता ढुंकूनही बघत नव्हता. गंमत बघा, मुलांनो. एवढे कायदे झाले, सुळे झाले, पंजे झाले, आणि खेळ सुटला तो कोणी शेजारी बसलं म्हणून. पण ही गोष्ट टेकडीवर कोणी बोलली नाही. ती दोन्ही मंडळांच्या गैरसोयीची होती.

एके दिवशी भुरक्याला कुई न चुकता आली. साळबाने काटे हलवून शाबासकी दिली. दिवस मावळला आणि साळबा निघाला.

"बाबांना म्हणून दाखवू?" भुरक्याने विचारलं.

"दाखव की," साळबा म्हणाला. त्याची ड्युटी संपलेली होती, म्हणून कुठे, कधी, हे त्याने विचारलं नाही.

भुरक्या टेकडीकडे निघाला. बाबा घरी येईपर्यंत थांबायला हवं होतं, हे मला कळतं. पण बाबा घरी आल्यावर ऐकतील याची त्याला खात्री नव्हती, हेही मला कळतं. ओढा ओलांडून तो उसात शिरला. ऊस दाट होता. पातं डोळ्याला लागत होतं, पायाला कापत होतं. थोडं गेल्यावर टेकडी कुठल्या अंगाला आहे हेच त्याला समजेना. मग पलीकडून तरसाचं हसणं ऐकू आलं.

भुरक्या घाबरला. मग त्याने शिकलेलं तेच केलं. मान वर केली आणि कुई दिली.

टेकडीवर दोन्ही मंडळं जोरात होती. कुई आली आणि सगळे एकदम थांबले. प्रत्येकाने कान टवकारले. हुंकाररावांनी टवकारले, झिपरीबाईंनी टवकारले. कुई सपाट होती. ती कोणाच्याच घरची नव्हती. प्रत्येकाने रिवाजाप्रमाणे ऐकलं, आपली नाही हे ओळखलं आणि कान पाडले.

पुन्हा कुई आली. या वेळी जरा कापरी होती.

"ऐका," हुंकारराव म्हणाले. "दिवस मावळलाय आणि कोणाचं तरी पोर उसात एकटं ओरडतंय. काय म्हणायचं असल्या आईबापांना?"

"लाज आहे का बघा," झिपरीबाई मावळतीकडून म्हणाल्या. "अशांमुळेच सरकारला आमच्या घरात शिरायला मिळतं."

दोन्ही मंडळांचं इतक्या दिवसांत पहिल्यांदाच एकमत झालं. सगळ्यांना फार बरं वाटलं. कोणीतरी संयुक्त निषेधाचा ठराव मांडा म्हणालं. तिसरी कुई आली ती ठरावाचे शब्द ठरवायच्या गडबडीत कोणाला ऐकू गेली नाही.

साळबाला ऐकू गेली. ती त्याचीच शिकवणी होती. ड्युटी संपलेली असताना परत फिरायचं की नाही, हे नियमात नव्हतं. तो थोडा वेळ उभा राहिला. मग गुडघ्यांना शिव्या देत उसात घुसला आणि काटे खुळखुळवत राहिला. तरसाला काट्यांचा कंटाळा असतो. ते गेलं. भुरक्या एका वरंब्याच्या खाली अंग चोरून बसला होता. पुढचा पाय रक्ताळला होता.

साळबाने त्याला आणलं ते सरळ टेकडीवर. कारण सापडलेलं पोर जवळच्या सभेत हजर करावं आणि पालकाचं शेपूट तिथल्या तिथे कापावं, असा नियम होता. हुंकाररावांनीच तो तसा घालायला लावला होता. साळिंदराचे दात लाकूड कुरतडणारे असतात, हे तुम्हाला माहीत असेलच.

"हे पोर कोणाचं?" साळबाने विचारलं. तो भुरक्याच्या घरी दिवसभर बसायचा खरा, पण हुंकारराव दिवसा झोपलेले आणि संध्याकाळी बाहेर. त्यांचं तोंड साळबाने कधी धड पाहिलं नव्हतं. झिपरीबाईंना त्याने एकदाच पाहिलं होतं, तेही घाईत, आणि त्याला सगळे मोठे कोल्हे सारखेच दिसायचे.

दुसऱ्याचं पोर कोणाला ओळखता येत नव्हतं, कारण ते कोणाचं काम नव्हतं. सगळ्यांची पोरं घरी होती, निदान असावीत.

मुलांनो, हुंकाररावांनी ओळखलं. मी खोटं सांगणार नाही. बघताक्षणी ओळखलं. पोराच्या पायातून रक्त येत होतं आणि ते त्यांच्याकडेच बघत होतं. हुंकारराव दगडावरून अर्धे उठले. मग त्यांना आपलं शेपूट आठवलं. झुपकेदार होतं. अध्यक्षाला शोभणारं होतं. त्यांनी ते हळूच पायाखाली घेतलं आणि त्यावर बसले.

झिपरीबाईंनीही ओळखलं. त्या एक पाऊल पुढे आल्या. मग त्यांनी मागे पाहिलं. मागे सगळं मंडळ बसलं होतं, ज्यांना त्यांनी रोज सांगितलं होतं, की पोरं आमची आहेत आणि आम्ही समर्थ आहोत. त्यांनी उचललेलं पाऊल परत घेतलं.

"सांग बाळ," साळबा म्हणाला. "यातले तुझे बाबा कोणते?"

भुरक्याने बाबांकडे पाहिलं. बाबा जमिनीकडे बघत होते. त्याने आईकडे पाहिलं. आई लांब उसाकडे बघत होती.

"माझे बाबा इथे नाहीत," भुरक्या म्हणाला. "असते तर त्यांनी ओ दिली असती."

"आणि आई?"

"तिनेसुद्धा."

साळबाला हे पटलं. नियमाने पाहिलं तर बरोबरच होतं. बेवारस पोर सरकारजमा होतं, असं पुढच्या कलमात होतं. साळबाला भुरक्याला पाठीवर घेता येत नव्हतं, काटे होते. म्हणून तो भुरक्याच्या लंगड्या चालीने त्याच्या बाजूने चालत गेला.

सभा पुढे चालू झाली. अज्ञात बेजबाबदार पालकांच्या निषेधाचा ठराव अध्यक्ष या नात्याने हुंकाररावांनाच मांडावा लागला. मांडताना ते दोनदा अडखळले. लोकांना वाटलं, काय कळकळ आहे. झिपरीबाईंनी अनुमोदन दिलं. ठराव एकमताने मंजूर झाला.

सरकारी बालगृह बांबूच्या कुंपणाआड होतं. थंडी पडल्यावर एका तिन्हीसांजेला हुंकारराव आणि झिपरीबाई सभा सोडून गुपचूप त्या कुंपणाशी गेले. उघडपणे जाता येत नव्हतं, शेपटांचा प्रश्न होता. तिथे ते शेजारी शेजारी बसले. दोघांनी मान वर केली आणि आपल्या घराण्याची कुई दिली. मधे तुटणारी आणि मग वर चढत जाणारी. फार सुंदर कुई होती ती. हुंकाररावांच्या बापाने त्यांना एक अख्खा पावसाळा शेजारी बसून शिकवली होती.

कुंपणाच्या आत भुरक्या साळबाशेजारी बसला होता. त्याने कान टवकारले. नीट ऐकलं. पुन्हा आली, पुन्हा ऐकलं.

"आजोबा, ही कोणाची हो?"

"मला नाही माहीत, बाळा. तुझी आहे का?"

भुरक्याने थोडा विचार केला.

"नाही," तो म्हणाला. "माझी नाही." आणि रिवाजाप्रमाणे त्याने कान पाडले.

बाहेर दोघं बराच वेळ ओरडत होते. दुसऱ्या दिवशी कायदा पाहिजे मंडळाने मागणी केली, की पोरांनी आईबापांच्या कुईला ओ दिलीच पाहिजे असा कायदा करा. पोरं आमची मंडळाने त्याला कडाडून विरोध केला, कारण पोराने ओ द्यायची की नाही हा घरातला प्रश्न आहे. दोन्ही सभांना गर्दी चांगली होती.

तात्पर्य : पोरांच्या हातात काय असावं हे सरकारने ठरवावं की आईबापांनी, हा फार गहन प्रश्न आहे. त्यावर घाईने काही करू नये. पोरं मोठी होऊन घराबाहेर पडेपर्यंत दोन्ही बाजूंनी नेटाने चर्चा चालू ठेवली, की तो आपोआप सुटतो.